लेक कम्युनिटी कॉलेजला चालली आहे, आता घराने काय करायचं?

वाचकाचं पत्र

“ताई, नमस्कार. आम्ही कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला राहतो. आमची थोरली यंदा सीनिअर आहे, जूनमध्ये तिचं हायस्कूल संपेल. तिला सिव्हिल इंजिनिअरिंग करायचं आहे. यूसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, ज्या कॅम्पसवर तिचा जीव होता तिथून नकार आला. बाहेरच्या राज्यातल्या दोन कॉलेजांनी घेतलं, पण वर्षाचा खर्च पाहून तीच म्हणाली, ‘मी दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज करते आणि मग ट्रान्स्फर घेते.’ मला पटलं. तिच्या बाबांना नाही पटलं, ते तेव्हापासून या विषयावर बोलतच नाहीत. एक मेला शाळेत सगळी मुलं आपापल्या कॉलेजचे टीशर्ट घालून येतात, त्या दिवशी ती घरीच राहणार म्हणते. नाशिकला आजी-आजोबांना काय सांगावं तेही कळत नाही. आम्ही दोघं पुण्यात शिकलो, इथल्या कम्युनिटी कॉलेजची आम्हाला काहीच माहिती नाही. तिला नेमकी काय मदत करायची? आणि ती आता घरीच असेल, तर धाकट्याला शाळेतून आणणं वगैरे तिच्यावर सोपवलं तर चालेल का? – एक आई”

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या लेकीने सतराव्या वर्षी खर्चाचा आकडा समोर ठेवून स्वतः निर्णय घेतला, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. हे तिला तुमच्या तोंडून एकदा तरी स्पष्ट ऐकू येऊ द्या.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणारं सरकारी कॉलेज. तिथल्या काउन्सिलिंग विभागात बरीच वर्षं काम केल्यामुळे मला कॉलेजच्या दर्जाची काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती आतापासून ऑक्टोबरपर्यंतच्या महिन्यांची. हायस्कूलमध्ये मुलगी एका तासाला दिसली नाही तर घरी फोन येतो. कोणता विषय घ्यायचा, कोणता फॉर्म राहिलाय, हे काउन्सिलर बोलावून सांगतात. कम्युनिटी कॉलेजात हायस्कूल पास झालेल्या कोणालाही प्रवेश मिळतो, अर्जाला पैसे पडत नाहीत, आणि म्हणूनच तुमच्या मागे कोणी लागत नाही. एप्रिलमध्ये ‘जाणार’ म्हणणारी कितीतरी मुलं ऑगस्टमध्ये वर्गात पोचतच नाहीत. कोणाचा एखादा फॉर्म अर्धवट राहिलेला असतो, कोणी ईमेल उघडलेलं नसतं, तर कोणी नोंदणीला उशिरा येऊन उरलेसुरले विषय घेतं आणि पहिल्याच सत्रात मागे पडतं. तुमची मदत हवी आहे ती या काळात.

पण त्याआधी घरातला अबोला. तो आधी संपवा, कारण बाबांचं न बोलणं ती रोज ऐकते आहे.

बाबांसमोर काही गोष्टी नुसत्या मांडा, वाद घालू नका. ही कॉलेजं म्हणजे नापासांसाठी काढलेली सोय, असा आपल्याकडे समज आहे. कॅलिफोर्नियाने १९६० साली उच्च शिक्षणाचा मास्टर प्लॅन केला तेव्हा यूसी, कॅल स्टेट (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) आणि कम्युनिटी कॉलेज अशा तीन पायऱ्या मुद्दाम आखल्या, आणि खालून वर ट्रान्स्फरची वाट ठेवली. आज राज्यात अशी ११६ कॉलेजं आहेत. यूसीला बाहेरून जे विद्यार्थी तिसऱ्या वर्षाला घेतले जातात, त्यांत कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना प्राधान्य असतं. पदवी मिळते ती यूसीची. आधीची दोन वर्षं कुठे शिकलात ते त्या कागदावर लिहिलेलं नसतं. फी राज्यातल्या रहिवाशांना युनिटमागे (विषयाच्या दर क्रेडिटमागे) ४६ डॉलर, म्हणजे ट्रान्स्फरला लागणारी ६० युनिट २,७६० डॉलरांत होतात. पुस्तकं, हेल्थ फी आणि पार्किंग वेगळं. यूसीच्या कॅम्पसवर राहून शिकायचं तर एका वर्षाचा सगळा खर्च ४० हजार डॉलरांच्या वर जातो.

आयलीन कॉलिन्सचं उदाहरणही सांगा. न्यूयॉर्क राज्यातल्या कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं शिकून ती सिरॅक्यूज विद्यापीठात गेली, पुढे हवाई दलात वैमानिक झाली, आणि १९९९ मध्ये अमेरिकी अंतराळयानाची कमांडर होणारी पहिली स्त्री ठरली. त्या मोहिमेत तिच्या चमूने जी दुर्बीण अवकाशात सोडली, तिचं नाव चंद्रा, आपल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांवरून ठेवलेलं.

मात्र बाबांची भीती अगदीच निराधार आहे असं मी म्हणणार नाही. राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०२४ मध्ये जो अहवाल दिला, त्यानुसार ट्रान्स्फरच्या इराद्याने आलेल्या मुलांपैकी साधारण पाचातल्या एकाचंच चार वर्षांत ट्रान्स्फर झालं. यामागे पैशाची चणचण, नोकरी, घरच्या जबाबदाऱ्या असतात. पण चुकीच्या क्रमाने घेतलेले विषय हेही एक मोठं कारण असतं, आणि तेवढं टाळणं तुमच्या हातात आहे. बाबा पुण्याहून इंजिनिअरिंग करून आले असतील तर त्यांना आकडे आणि वेळापत्रक नीट कळतं. ‘लोक काय म्हणतील’ यात अडकलेलं त्यांचं मन ‘कोणता विषय कोणत्या सत्रात’ या कामाला लावा. गप्प बसलेले कितीतरी वडील मी या एका कामामुळे लेकीशेजारी येऊन बसलेले पाहिले आहेत.

आजी-आजोबांना समजावणं खरं तर सगळ्यात सोपं आहे. डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला जाणारी मुलं नाशिकमध्ये त्यांनी पाहिलेली आहेत. ‘आजी, तसंच काहीसं, फक्त इथे थेट थर्ड इयरला घेतात’ एवढं लेकीनेच फोनवर सांगावं. तुम्ही सांगितलंत तर ते समर्थन केल्यासारखं वाटेल. मंडळाच्या कार्यक्रमात कोणी विचारलं तर कॉलेजचं नाव पूर्ण घ्या, तुमच्या फ्रीमाँटमधलंच घेतलं तर ‘ओलोनी कॉलेज, सिव्हिलसाठी’ असं, ज्या आवाजात तुम्ही दुसऱ्या कुठल्याही कॉलेजचं नाव घेतलं असतं त्याच आवाजात. ‘सध्या कम्युनिटीला, मग बघू’ हे वाक्य तिच्यासमोर कधीही बोलू नका. ‘मग बघू’ खरंही नाही. तिने पुढचं ठरवलेलं आहे.

एक मेच्या दिवसाबद्दल तिच्यावर जबरदस्ती करू नका. शाळेत जायचं की नाही, कॉलेजचा टीशर्ट घालायचा की नाही, तिचं तिला ठरवू द्या. फक्त त्याआधी एखाद्या शनिवारी तिला घेऊन कॉलेजच्या आवारात फिरून या. मिशन पीक डोंगराच्या पायथ्याशी उतारावर वसलेला ओलोनीचा परिसर फार सुंदर आहे. जिथे आपण जाणार ती जागा डोळ्यांनी पाहिली की पुष्कळ मुलांचा सूर बदलतो. कॉलेज निवडायलाही तिला मोकळीक द्या. राहत्या गावचंच घ्यावं लागतं असं नाही, डी अँझा, फुटहिल, चॅबॉ, मिशन यांपैकी कुठेही तिला जाता येईल. एक फरक मात्र ध्यानात ठेवा: डी अँझा आणि फुटहिलला क्वार्टर पद्धत, म्हणजे छोटी सत्रं, आहे, ओलोनीला सेमिस्टर. गणिताची साखळी एका पद्धतीत सुरू करून मधेच दुसरीकडे गेलं की काही भाग दोनदा येतो आणि काही सुटतो, म्हणून कॉलेज आधीच विचार करून ठरवावं.

आता कामाचं. आधी ऑनलाइन अर्ज, तो अर्ध्या-पाऊण तासाचा. मग फाफ्सा, म्हणजे केंद्र सरकारच्या शैक्षणिक मदतीचा अर्ज. इथे आपले लोक हमखास म्हणतात, ‘आमचं उत्पन्न बघता काही मिळणार नाही, कशाला भरायचा?’ भरायचा, कारण कॅलिफोर्निया कॉलेज प्रॉमिस नावाची योजना आहे. तिच्यात पहिल्यांदाच कॉलेजात येणाऱ्या आणि पूर्णवेळ, म्हणजे किमान १२ युनिट घेणाऱ्या मुलांची दोन वर्षांची फी अनेक कॉलेजं उत्पन्न न पाहता माफ करतात, पण फाफ्सा भरलेला असावा लागतो. त्यानंतर ऑरिएंटेशन, आणि मग काउन्सिलरला भेटून एज्युकेशन प्लॅन, म्हणजे कोणत्या सत्रात कोणते विषय याचा आराखडा.

या प्लॅनबद्दल मला जरा थांबून सांगायचं आहे, कारण मुलं त्याला निव्वळ कागदी उपचार समजतात. ऑरिएंटेशन आणि प्लॅन पूर्ण केलेल्या नव्या विद्यार्थ्यांना नोंदणीची तारीख लवकरची मिळते. तारीख लवकरची असेल तर कॅल्क्युलसच्या वर्गात जागा मिळते, नसेल तर वेटलिस्ट. जूनमध्ये शाळा संपल्यावर सगळे काउन्सिलरकडे धावतात आणि अपॉइंटमेंटी आठवडेच्या आठवडे मिळत नाहीत. तुमच्या लेकीने ती एप्रिलमध्येच घ्यावी, शाळेची ट्रान्स्क्रिप्ट (गुणपत्रिका) सोबत न्यावी. पूर्वी गणित आणि इंग्रजीच्या प्लेसमेंट परीक्षेत पुष्कळ मुलं रेमेडियल, म्हणजे खालच्या पातळीच्या उजळणी वर्गांत अडकायची. २०१७ च्या एबी ७०५ कायद्याने हे बदललं, आता हायस्कूलच्या गुणांवरून थेट वरच्या वर्गात बसवतात. एपीच्या (हायस्कूलमध्येच घेतलेल्या कॉलेज-पातळीच्या विषयांच्या) परीक्षा मे महिन्यात, निकाल जुलैत. तो आपोआप पोचत नाही, परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाला तो कॉलेजला पाठवायला तिने सांगावं लागतं. शाळेची अंतिम ट्रान्स्क्रिप्टही तशीच.

सिव्हिल इंजिनिअरिंगवाल्यांसाठी खरा खेळ आहे तो क्रमाचा. पहिलं कॅल्क्युलस झाल्याशिवाय मेकॅनिक्सचं फिजिक्स घेता येत नाही, ते झाल्याशिवाय स्टॅटिक्स नाही. दुसरं कॅल्क्युलस, मल्टिव्हेरिएबल, डिफरन्शियल इक्वेशन्स हेही एकामागून एकच. सेमिस्टर चारच आहेत. पहिल्या सत्रात गणित सुटलं तर सगळी साखळी सहा महिन्यांनी किंवा वर्षाने पुढे सरकते. त्यातच काही इंजिनिअरिंगचे विषय छोट्या कॉलेजांत दर सत्राला चालत नाहीत. म्हणून पहिल्या सत्रात इतिहास, सायकॉलॉजी असे विषय घेऊन ‘जनरल एज्युकेशन (सगळ्यांना लागणारे सामान्य विषय) आधी उरकू’ हा सल्ला, जो मैत्रिणींकडून सर्रास मिळतो, तो तिच्यासाठी घातक आहे. तिने मेजरची, म्हणजे मुख्य विषयाची, तयारी आधी करावी, बाकीचं मधल्या जागांत बसवावं.

कुठला विषय कुठे चालतो हे पाहायला असिस्ट डॉट ऑर्ग हे संकेतस्थळ आहे. आपलं कॉलेज, जिथे जायचं ते विद्यापीठ आणि मेजर निवडलं की कोणता विषय कशाच्या बरोबरीचा मानतात याची यादी येते. बाबांना हे काम द्या. लेकीने डेव्हिस, अर्व्हाइन, सॅन होजे स्टेट अशी तीन-चार ठिकाणं निवडावी, दोघांनी शेजारी बसून सगळ्या याद्या काढाव्यात आणि सामाईक विषयांवर खूण करावी. हा कागद घेऊन काउन्सिलरकडे गेलेल्या मुलीची अर्ध्या तासाची भेट सोन्यासारखी उपयोगी पडते.

दोन वर्षं हाताशी आहेत असं वाटतं, पण यूसीचा ट्रान्स्फर अर्ज दुसऱ्या वर्षाच्या नोव्हेंबरअखेर जातो. म्हणजे अर्ज भरताना तिच्याकडे पहिल्या वर्षाचे आणि उन्हाळ्याचेच गुण असतील. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ हे यूसीचे सहा कॅम्पस ठरावीक विषय आणि ठरावीक गुण पूर्ण केले तर प्रवेशाची लेखी हमी देतात. तिला टॅग म्हणतात. टॅगचा अर्ज त्याहीआधी, सप्टेंबरमध्ये, आणि एकाच कॅम्पसला करता येतो. बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन दिएगो त्यात नाहीत, आणि सहा कॅम्पसांतही काही मेजर वगळलेले असतात, तेव्हा सिव्हिलचं कुठे चालतं हे आत्ताच पाहून ठेवावं. कॅल स्टेटसाठी असोसिएट डिग्री फॉर ट्रान्स्फर नावाची दुसरी हमी आहे. बिझनेस, सायकॉलॉजी अशा विषयांना ती फार सोयीची, पण इंजिनिअरिंगवाल्यांना मुख्य भिस्त असिस्टवरच ठेवावी लागते. कोणी ‘हमी असतेच’ म्हणालं तर कोणत्या विषयाला, हे विचारा.

आता तुम्ही काय करायचं आणि काय करायचं नाही. आपल्यासारख्या आईबापांचा हात फॉर्म भरायला लगेच पुढे होतो. तो आवरा. अर्जाचा पासवर्ड तिचा, कॉलेजचं ईमेल तिचं, काउन्सिलरला फोन तिने करायचा. फर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्यामुळे मुलगी कॉलेजात गेली की, अठराची झालेली नसली तरी, तिच्या गुणांवर आणि नोंदींवर हक्क तिचा असतो. तुम्ही फोन करून विचारलंत तर कॉलेज सांगणार नाही. त्यात कोणी तुमचा अपमान करत नसतं. तुम्ही आठवड्यातून एकदा, समजा रविवारी चहाच्या वेळी, तिच्यासोबत बसा आणि एवढंच विचारा: कॉलेजचं ईमेल उघडलंस का, पुढची तारीख कोणती? फायनान्शियल एडची राहिलेली कागदपत्रं, नोंदणीची वेळ, वेटलिस्टमधून जागा मिळाल्याची सूचना, सगळं त्याच ईमेलवर येतं, आणि या वयाची मुलं ईमेल उघडत नाहीत. काही कॉलेजं फी भरली नाही तर घेतलेले विषयही काढून टाकतात. रोज मात्र विचारू नका, रविवारचं पुरे.

शाळेत तिला ५०४ किंवा आयईपीखाली (अपंगत्व किंवा शिकण्यातल्या अडचणींसाठी) काही सवलत मिळत असेल तर ती कॉलेजात आपोआप सुरू राहत नाही. अशा विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या डीएसपीएस या विभागाकडे तिने स्वतः जाऊन नोंद करायची, तीही उन्हाळ्यातच.

सत्र सुरू झाल्यावर पहिल्या दिवशी वर्गात हजर राहणं अत्यावश्यक आहे. पहिल्या तासाला न आलेल्यांची नावं प्राध्यापक काढतात आणि वेटलिस्टवरच्यांना घेतात. पहिले सहा आठवडे तिला एकटं वाटेल, त्याची तयारी ठेवा. मैत्रिणी दुसऱ्या गावांहून वसतिगृहाचे फोटो टाकत असतील, आणि ही तास संपला की गाडीत बसून घरी. यावर मला माहीत असलेला एकच उपाय आहे: आठवड्यातले निदान तीन दिवस तिने तासांनंतर दोन-तीन तास कॉलेजातच थांबायचं. गणिताच्या ट्युटरिंग सेंटरमध्ये अभ्यास करायचा, प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना जायचं, शंका नसली तरी एकदा जाऊन ओळख करून घ्यायची. कम्युनिटी कॉलेजात कॅल्क्युलसच्या वर्गात तीस-चाळीस मुलं असतात आणि शिकवण्यासाठीच नेमलेले प्राध्यापक. मोठ्या विद्यापीठात पहिल्या वर्षाला हे सुख क्वचित. शिवाय अभ्यास करणारी मुलं तिला तिथेच भेटतील. पहिल्या परीक्षेत गुण कमी पडले तर तिला घाबरू न देता ट्युटरिंगला पाठवा, आणि विषय सोडायच्या दोन तारखा तिला माहीत असू द्या. पहिल्या तारखेआधी सोडला तर नोंद राहत नाही, दुसरीआधी सोडला तर ट्रान्स्क्रिप्टवर डब्ल्यू (विषय सोडल्याची खूण) येतो, आणि त्यानंतर जो ग्रेड मिळेल तो.

हे पत्र एच-४ वर, म्हणजे एच-१बी नोकरदाराच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, मुलं असलेल्या घरांतही वाचलं जाईल म्हणून त्यांच्यासाठी दोन वाक्यं. फेडरल मदत तुम्हाला मिळत नाही, पण कॅलिफोर्नियात रहिवासी म्हणून फी लागू होऊ शकते, त्यासाठी प्रवेश विभागातल्या रेसिडेन्सीच्या खिडकीवर कागदपत्रांसह जाऊन विचारा. आणि मुलं २१ वर्षांची झाली की एच-४ राहत नाही, तेव्हा ट्रान्स्फरच्या वर्षातच व्हिसाचा विचार वकिलाशी बोलून करावा लागेल.

राहिला धाकट्याला आणायचा प्रश्न. तुम्ही तो सहज विचारलाय, पण घरी राहून शिकणाऱ्या मुली मागे पडण्याचं हेच कारण मी सर्वांत जास्त वेळा पाहिलं आहे. ‘तू घरीच आहेस ना’ म्हणत एक एक काम तिच्याकडे जातं, पाहुणे आले की तिलाच हाक, भावाच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट तिच्या मोकळ्या दुपारी. युनिटमागे आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास अभ्यास असा साधारण हिशेब असतो. १५ युनिट म्हणजे आठवड्याचे ४५ तास, एका पूर्ण नोकरीपेक्षा जास्त. लॅबचे तास याहून वेगळे आणि लांब. तेव्हा ऑगस्टमध्ये तिचं वेळापत्रक हातात आल्यावर तिच्यासोबत बसून आधी तास, लॅब, ऑफिस अवर्स आणि कॉलेजात थांबायचे तास भरा. मग उरलेल्या जागांत आठवड्यातून दोन दिवस ती भावाला आणेल असं तिला मान्य असेल तर ठरवा, आणि बाकीचे तीन दिवस शाळेनंतरच्या आफ्टर-केअरची किंवा शेजाऱ्यांसोबत कारपूलची सोय आत्तापासून बघायला लागा. फ्रीमाँटमध्ये आफ्टर-केअरच्या जागाही लवकर भरतात.